सीगलचं पांढरं कसं राखावं: जलरंगात मास्किंग फ्लुइडचा वापर

थंडीच्या दिवसांत मालवणच्या दांडी किनाऱ्यावर सकाळची रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला सुरुवात झाली की वर सीगल जमतात. जाळं काठाकडे येईल तसा त्यांचा कालवा वाढत जातो. समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला, अलीकडे पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन-तीन होड्या, पायाशी फेसाची रेघ. चित्र काढायला बसलेला माणूस खूश होऊन आकाश रंगवायला घेतो आणि पहिल्याच सीगलपाशी अडकतो. पंखाच्या कडेने ब्रश वळवून पलीकडे नेईपर्यंत अलीकडचा निळा वाळलेला असतो, तिथे कड पडते. दुसऱ्या पक्ष्याशी दुसरी कड. नऊ सीगल होईपर्यंत आकाशाची गोधडी झालेली असते.

माझ्याकडे जलरंग शिकायला येणाऱ्या बहुतेकांचं हे होतं. माझंही झालं होतं. त्यावरचा एक उपाय म्हणजे मास्किंग फ्लुइड. जिथे कागद पांढरा हवा तिथे आधी रबराचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की वरून बिनधास्त वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, मारायचा, वॉश वाळला की रबर सोलून काढायचं. खाली कोरा कागद जसाच्या तसा. काम खरंच एवढंच आहे. पण त्यात काही जागा अशा आहेत की तिथे कागद फाटतो, ब्रश कायमचा जातो, किंवा चित्रातला पक्षी कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. या लेखात मी त्या जागांवरच जास्त रेंगाळणार आहे.

“पेटीत पांढऱ्या रंगाची ट्यूब असते की, ती कशाला दिलीय?” हा प्रश्न पहिल्याच तासाला येतो. जलरंग पारदर्शक असतो. उजेड रंगातून खाली जातो, कागदावर आपटून परत येतो, म्हणून चित्र चमकतं. ट्यूबमधला पांढरा वाळलेल्या निळ्यावर लावलात तर तो दुधाळ निळा दिसतो, आणि त्याच्या शेजारी कोरा कागद असला तर तो आणखीच मळका वाटतो. पांढऱ्या गौशने, म्हणजे अपारदर्शक जलरंगाने, शेवटी दोन ठिपके द्यायला माझी हरकत नाही, मी स्वतः देतो. पण फेसाची अख्खी रेघ गौशने काढली की ती चुन्याची वाटते.

बाटलीत काय असतं

रबराच्या झाडाचा चीक, पाणी आणि अमोनिया. झाकण उघडताच नाकाला झोंबतो तो अमोनिया. तो कशासाठी घालतात हे मला दोडामार्गकडच्या एका ओळखीच्या माणसामुळे नीट कळलं. तिकडे रबराच्या बागा आहेत. पहाटे सालीवर तिरका चर पाडतात आणि खाली लावलेल्या वाटीत चीक गोळा होतो. त्याने मला एकदा बाटलीभर ताजा चीक आणून दिला. फुकटचं मास्किंग फ्लुइड मिळालं म्हणून मी दुपारी बाटली उघडली, तर आत दह्यासारखी गाठ. चीक तसाच ठेवला की त्यात जिवाणू वाढतात, आम्ल तयार होतं आणि रबराचे सुटे कण एकमेकांना धरतात. अमोनिया हेच थांबवून धरतो.

कागदावर लावल्यावर पाणी आणि अमोनिया उडून जातो, कण चिकटून सलग पापुद्रा बनतो. आणि एकदा पापुद्रा झाला की तो पाण्यात पुन्हा विरघळत नाही. ही एक गोष्ट लक्षात राहिली तर पुढच्या निम्म्या सूचना आपोआप समजतील: ब्रश का मरतो, बाटली उघडी का ठेवायची नाही, शर्टावर सांडलं तर शर्ट का गेला.

ज्यांना रबरी हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी अंगाला खाज सुटते, त्यांनी या बाटलीच्या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी दुसरे मार्ग पुढे दिले आहेत. बाकीच्यांनीही खिडकी उघडी ठेवून काम करावं.

विकत घेताना थोडीशी रंगीत छटा असलेलं घ्या, पिवळट, निळसर किंवा राखाडी. बिनरंगाचंही मिळतं, पण पांढऱ्या कागदावर आपण कुठे लावलं आणि कुठे राहिलं हे नवख्याला त्यात दिसत नाही. बाटली लहानच घ्या. मोठी स्वस्त पडते असं वाटतं, पण आपल्याकडच्या उकाड्यात उघडलेली बाटली वर्ष-दीड वर्षात घट्ट व्हायला लागते आणि उरलेली निम्मी फेकावी लागते. तार सुटायला लागली किंवा आत गुठळ्या दिसल्या की ती बाटली चांगल्या कागदावर वापरू नका. आणखी एक: ‘पर्मनंट मास्किंग मीडियम’ नावाचं वेगळं द्रव्य येतं. ते निघत नाही, कागदावर कायमचं राहतं. बाटल्या शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात, लेबल वाचून घ्या.

सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन चालेल का, असं एकाने विचारलं होतं. नाही. त्यातला द्रावक कागदात मुरतो आणि तेलकट डाग ठेवून जातो. फेविकॉलचा तर विचारही करू नका.

काय झाकायचं

नवी बाटली हातात आली की माणूस दिसेल ते पांढरं झाकत सुटतो. मी पहिल्या महिन्यात ढगसुद्धा झाकले होते. ते ढग अजून माझ्याकडे आहेत. नारळातल्या खोबऱ्याचे तुकडे आकाशात लटकावल्यासारखे दिसतात.

माझी कसोटी अशी. ब्रश हातात घेऊन कोरड्या कागदावरूनच वॉश मारून बघा, रंगाशिवाय. आकाशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात न्या. कुठल्या पांढऱ्या आकाराशी हात थांबतो? तेवढाच झाका. ज्याला वळसा घालून हात न थांबता पुढे जातो, तो आकार नुसता सोडून द्या. होडीची मोठी पांढरी बाजू सोडता येते. देवळाची चुना दिलेली भिंत, दीपमाळ, दीपगृहाचा खांब हेही सोडता येतात. पण होडीवरून काठाकडे आलेला दोर, जाळ्याचे पांढरे फ्लोट, किल्ल्याच्या तटासमोरून उडणारा सीगल, हे सोडता येत नाहीत. मास्किंग यांच्यासाठी आहे: लहान, बारीक, आणि एकाच मोठ्या वॉशच्या मधोमध सापडलेल्या जागांसाठी.

सीगलच्या बाबतीत आणखी थोडं बघायला हवं. पक्षी पांढरा आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण सगळे पांढरे राखतो. प्रत्यक्षात उजळ आकाशावर उडणारा सीगल खालून राखाडी, कधी चक्क काळपट दिसतो. तोच खाली येऊन किल्ल्याच्या तटासमोरून गेला की एकदम पांढरा चमकतो. १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा किल्ला चित्रात म्हणजे लांबलचक, बुटका, गडद पट्टा. पांढऱ्याला उठाव देणारी याच्याएवढी चांगली पार्श्वभूमी दांडीवर दुसरी नाही. तेव्हा तटासमोरचे आणि गडद पाण्यासमोरचे सीगल झाका. आकाशातले नंतर राखाडी रंगाने सरळ रंगवा. नऊ पक्ष्यांचे काम तीन-चारांवर येतं.

संध्याकाळी याच किनाऱ्यावर सूर्य समोर येतो आणि पाणी लखलखतं. ती चमचम मास्किंगच्या ठिपक्यांनी करायचा मोह होतो. ठिपके सगळे सारखे गोल उमटतात आणि समुद्राला देवी आल्यासारखे दिसतात. त्यापेक्षा खरबरीत कागदावर जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून झपकन ओढा. कागदाचे उंचवटे रंग घेतात, खळगे कोरे राहतात, चमचम आपोआप येते.

हत्यारं

चांगला ब्रश यासाठी वापरायचा नाही. सेबलचा, म्हणजे महागड्या नैसर्गिक केसांचा, तर नाहीच. जुना, स्वस्त, सिंथेटिक केसांचा २ किंवा ३ नंबर पुरे. काम सुरू करण्याआधी तो ओला करून अंगाच्या साबणाच्या वडीवर फिरवा, केसांच्या मुळापर्यंत साबण जाऊ द्या, जास्तीचा पुसा, मग बाटलीतल्या द्रवात बुडवा. साबण केसांवर बसला की रबराला धरायला जागा मिळत नाही. तरीही दर दोन-तीन मिनिटांनी ब्रश पाण्यात खळबळून पुन्हा साबण लावायचा. कंटाळवाणं आहे. मी एकदा कंटाळा केला, गप्पांत राहिलो, आणि ब्रशचा दगड झाला.

ब्रशपेक्षाही मला दोन गोष्टी आवडतात. एक म्हणजे जुन्या भूमितीच्या पेटीतलं रूलिंग पेन, दोन पात्यांचं, मध्ये स्क्रू असलेलं. शाळेत नकाशे आणि अक्षरलेखन करताना वापरलेलं अनेकांच्या घरात गंजत पडलेलं असतं. पात्यांच्या फटीत ब्रशने थेंबभर फ्लुइड भरायचं, स्क्रूने जाडी ठरवायची आणि दोर ओढायचा. डोलकाठीच्या ताणलेल्या दोऱ्यांसाठी याला तोड नाही. वाळलेलं रबर धातूवरून नखाने सुटून येतं, धुवायचीही कटकट नाही.

दुसरं हत्यार फुकट आहे. माडाच्या झावळीचा हीर, म्हणजे पात्याच्या मधली काडी. वाढवणीतला, म्हणजे हिरांच्या झाडूतला, एक हीर काढा, वीतभर तोडा, टोक ब्लेडने तिरकं कापा. जाड टोकाने फ्लोटचे ठिपके, बारीक टोकाने पक्ष्याचा पंख. हिराला लवचीकपणा असतो, दाबलं की रेघ जाड होते, उचललं की बारीक. टूथपिकला हे जमत नाही. वापरून झाला की टाकून द्या, परसात हजार पडलेत.

एकदा मी दांडीवर हिराने फ्लुइड लावत बसलो होतो, तर रापणीतले एक काका मागे येऊन उभे राहिले. “मास्तरानू, ह्यां काय? कागदाक डिंक कित्याक लावतास?” मी म्हटलं, थोडं थांबा, सोलून दाखवतो. ते जाळं झटकून तासाभराने परत आले तेव्हा सोललं. ते बघून म्हणाले, हे म्हणजे चित्राची खपली काढल्यासारखं झालं. मुलांना शिकवताना मी आता हाच शब्द वापरतो.

कागद

३०० जीएसएमचा म्हणजे जाड, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरबरीत, आणि अंगात भरपूर खळ असलेला. खळ म्हणजे कागद टीपकागदासारखा शोषू नये म्हणून त्यात आणि त्यावर दिलेला जिलेटीनचा किंवा तसा दुसरा थर. खळ भक्कम असेल तर रबर वर बसतं. कमी असेल तर ते धाग्यांत शिरतं आणि सोलताना धागे घेऊनच बाहेर येतं. हातकागद दिसायला सुंदर असतो, पण पुष्कळ हातकागदांत खळ इतकी कमी असते की मास्किंगसाठी ते निरुपयोगी ठरतात. साध्या ड्रॉइंग पेपरवर तर प्रयत्नच करू नका.

कोकणात यात एक भर पडते. पावसाळ्यात दमट हवेत पडून राहिलेल्या चांगल्या कागदाचीही खळ मरते. बाहेरून कागद ठीक दिसतो, पण वॉश मारला की मध्येच गडद ठिपके उमटतात, रंग तिथे आत ओढला जातो. अशा कागदावर मास्किंग लावलंत तर तो हमखास सोलला जाणार. कागद आणल्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह बंद करून ठेवा. ट्रंकेत नुसता ठेवलेला कागद गणपतीपर्यंत टिकत नाही.

म्हणून कुठलाही कागद असो, आधी कोपऱ्यात करवंटीच्या तुकड्याएवढा ठिपका लावा, वाळू द्या, सोला. कागदाला लव सुटली तर त्या कागदावर पुढे जाऊ नका. याला वीस मिनिटं लागतात आणि एक चित्र वाचतं.

आता एक चित्र करू

पाव शीट घ्या, पाटावर चारही बाजूंनी टेप लावून बसवा. रंग तीनच: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ओकर.

रेखाटन. क्षितिज मध्यावर नको, थोडं वर. त्यावर किल्ल्याचा पट्टा, अलीकडे एक होडी जराशी तिरकी, तिच्यापासून काठापर्यंत दोर. खाली फेसाची रेघ आणि वाळू. सीगल पाच: तटासमोर तीन, आकाशात दोन, आणि त्यातला एक बाकीच्यांपेक्षा मोठा. पेन्सिल एचबी. रबर सोलताना खालचं शिसंही थोडं उचललं जातं, म्हणून झाकायच्या आकारांची रेघ किंचित ठळक काढा. पण खोडरबर घासू नका. खोडलेल्या जागी कागदाचा वरचा थर उसवलेला असतो, नेमका तिथेच तो पुढे फाटतो.

फ्लुइड काढणे. बाटली हलवायची नाही. औषधासारखी हलवली की हवेचे बुडबुडे होतात, कागदावर ते फुटून टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात आणि त्या भोकांतून रंग आत जातो. बाटली तळहातांत हळू फिरवा. लहान झाकणात दहा-बारा थेंब काढा आणि बाटली लगेच घट्ट लावा. काम झाकणातून करायचं. द्रव जाड वाटला तर झाकणातल्या थेंबांत पाण्याचा एखादा थेंब चालतो.

लावणे. कागद पूर्ण कोरडा हवा. ओलसर कागदावर लावलेलं फ्लुइड धाग्यांत उतरतं आणि मग ते काढायला देवच हवा. तटासमोरचे तीन सीगल हिराने काढा. पंखाचं काळं टोक झाकायचं नाही, ते नंतर रंगवायचं आहे. होडीचा पांढरा पट्टा ब्रशने. दोर रूलिंग पेनने, एका दमात. थर भरदार हवा, कंजुषी नको: पातळ पापुद्रा सोलताना तुकड्या-तुकड्यांनी तुटतो, जाड असेल तर दोरच्या दोर एका ओढीत निघतो. फेसाची रेघ सलग काढू नका. लाट वाळूवर पसरते तेव्हा फेस कुठे जाड, कुठे जाळीसारखा, कुठे नाहीच. तुटक, वाकडी, हलक्या हाताने. चुकून भलतीकडे थेंब पडला तर ओला असताना पुसायला जाऊ नका, पसरतो. वाळू द्या, मग उचला.

वाळवणे. सावलीत, पंख्याखाली, पंधरा-वीस मिनिटं. हेअर ड्रायर नको, ऊनही नको. उष्णतेने रबर कागदाला घट्ट धरतं. वाळलं की त्याची छटा थोडी गडद आणि पारदर्शक होते. बोटाच्या मागच्या बाजूने हलकेच टेकून बघा, चिकट लागता कामा नये.

वॉश. आता हात मोकळा. आकाशाला पातळ अल्ट्रामरीन, क्षितिजाकडे येताना पाणी वाढवत आणि किंचित ओकर. ते वाळलं की समुद्र, अल्ट्रामरीनमध्ये थोडा बर्न्ट सिएना, काठाकडे येताना हिरवटसर ओकर. मग किल्ला: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना जवळजवळ समसमान, जाड आणि गडद, एका पट्ट्यात डावीकडून उजवीकडे, सीगलांवरून सरळ. इथे थांबायचं नाही, त्यासाठीच तर एवढा खटाटोप केला. फक्त झाकलेल्या जागेवर ब्रश घासू नका, कड उचकटते. रबरावर रंगाचे थेंब मोत्यांसारखे गोळा होतील. ते सर्वांत शेवटी वाळतात. टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या, नाहीतर सोलताना फुटून पांढऱ्यावरच ओघळतात.

खपली काढणे

सर्वांत जास्त चित्रं इथे फुकट जातात, आणि कारण एकच असतं: घाई. कागद वरून वाळलेला दिसतो, आत ओलावा असतो. ओला कागद मऊ असतो, रबर त्याची साल काढून नेतं. तळहाताची मागची बाजू कागदाला लावून बघा. गार लागला तर ओला आहे. पण ही खूण पावसाळ्यात मालवणात चालत नाही, जून-जुलैत सगळंच गार लागतं, भिंतसुद्धा. तेव्हा त्याच कागदाचा एक कोरा तुकडा शेजारी ठेवा आणि दोन्हींना आळीपाळीने हात लावा. दोन्ही सारखेच लागले की समजा वाळलं. पावसाळ्यात मी सकाळी वॉश मारून दुपारचं जेवण, झोप, चहा झाल्यावर सोलतो.

उलट फार दिवसही ठेवू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सोलून मोकळं व्हा. आठवडे गेले की रबर पिवळट पडून कागदाशी एकजीव व्हायला लागतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या काठावर ओढून झापांखाली झाकलेल्या असतात. एका वर्षी मेअखेर सुरू केलेलं चित्र मीही तसंच झाकून ठेवलं आणि नारळी पौर्णिमेला उघडलं. होड्या पाण्यात गेल्या, माझा दोर कागदावरच राहिला. निघाला तो कागदासकट.

सोलताना हात धुऊन कोरडे करा, बोटाला तेल-घाम नको. एका टोकाला बोटाच्या पेराने हलकं घासा, टोक सुटलं की ते चिमटीत धरा आणि कागदाला जवळजवळ समांतर, मागे दुमडल्यासारखं ओढा. सरळ वर ओढलं की कागद उचलला जातो. लहान ठिपके वाळलेल्या रबराच्या गोळीने टिपा, ती त्यांना पटकन धरते. बोटाने जोरात घासत राहिलात तर शेजारचा रंग पांढऱ्यावर फासला जातो. संपूर्ण कागदावरून डोळे मिटून हात फिरवा. राहिलेला तुकडा डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतो.

आणि मग जे दिसतं ते बघून नवखा माणूस आनंदाने थांबतो. थांबू नका, चित्र निम्मंच झालंय.

कडा

मास्किंगखालून निघालेला आकार कातरल्यासारखा धारदार असतो आणि शेजारच्या सगळ्यापेक्षा ओरडून पांढरा असतो. दोराला ते शोभतं. होडीच्या पट्ट्याला बऱ्यापैकी. पक्ष्याला आणि फेसाला अजिबात नाही.

फेसापासून सुरुवात करा. लाटेचा फेस वाळूकडच्या बाजूने स्वच्छ संपतो, तिथली कड धारदार राहू द्या. समुद्राच्या बाजूने तो पाण्यात विरत जातो. त्या बाजूची कड जरा ताठ केसांच्या ओल्या ब्रशने हलके चोळा, सुटलेला रंग टिश्यूने टिपा, पुन्हा चोळा. दोन-तीन वेळा केलं की कड विरघळते. सगळी रेघ विरवू नका, इथे-तिथे तीन-चार जागी. मग वाळूकडच्या कडेखाली अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाची एक बारीक सावली द्या; फेसाला जाडी येते, तो वाळूवर पसरलेला दिसतो. सकाळी सूर्य आपल्या पाठीमागून, जमिनीकडून येतो, म्हणून फेसाचा आपल्याकडचा भाग उजळ आणि मागचा किंचित निळसर राखाडी. तेवढा पातळ हात फिरवा.

सीगलच्या पोटाखाली तोच पातळ राखाडी, पंखाचं टोक गडद. पाठीचा एक छोटा तुकडा मात्र कोरा राहू द्या. पाच पक्ष्यांपैकी एकच पूर्ण पांढरा असला तर नजर तिथे जाते, सगळेच असले तर कुठेच जात नाही. आकाशातले दोघे आता सरळ ब्रशने, राखाडीत.

होडीच्या पट्ट्यावर ऊन पडत नाही तिथे ओकरचा अगदी पातळ थर. दोर जिथे पाण्यात उतरतो तिथे त्याचा शेवटचा इंच समुद्राच्या रंगाने मोडून टाका.

मास्किंग पांढऱ्यासाठीच असतं असं नाही. आधी अख्ख्या वाळूवर फिका ओकर द्या, पूर्ण वाळू द्या, मग त्यावर जाळ्याची वीण फ्लुइडने काढा आणि वरून गडद वॉश. सोललं की जाळं पांढरं न येता वाळूच्या उजळ रंगात येतं. सोलताना खालचा थोडा रंगही उचलला जातो, तेव्हा पहिला थर मनात असेल त्यापेक्षा किंचित गडद द्या. ही दुसरी पायरी, दोन-तीन चित्रं झाल्यावर करा.

दुसरे मार्ग

सरळ कडांना, म्हणजे क्षितिजाला किंवा दीपगृहाच्या खांबाला, मास्किंग टेप पुरतो. कडेवरून नख दाबून बसवा, नाहीतर रंग आत शिरतो. पांढरी मेणबत्ती कागदावर घासली की तिथे रंग बसत नाही, खडकांवरच्या उडत्या पाण्याला ते फार छान दिसतं, पण मेण परत निघत नाही, तेव्हा जागा ठरवून मगच घासा. अगदी बारीक चमक हवी असेल तर पूर्ण वाळलेल्या चित्रावर ब्लेडच्या टोकाने खरवडा. शिंतोडे हवे असतील तर जुन्या टूथब्रशवर फ्लुइड घेऊन अंगठ्याने उडवा, बाकीचा कागद वर्तमानपत्राने झाकून.

आणि मऊ उजेडासाठी यातलं काहीच नको. १८८२ साली सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचं हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. दिव्याचा उजेड तिच्या बोटांवरून, चेहऱ्यावरून हळूहळू अंधारात मिसळत जातो. असा उजेड बाटलीतून येत नाही. पातळ थरांवर थर चढवत, कागद राखत-राखतच तो साधावा लागतो.

आवरताना झाकणात उरलेलं फ्लुइड बाटलीत परत ओतू नका, त्यातले अर्धवट वाळलेले कण आतल्यालाही धरतात. मोरीतही ओतू नका, नळीत जाऊन साकळतं. झाकणातच वाळू द्या आणि उद्या सोलून काढा. बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसा, बाटली गार कपाटात ठेवा. आज चित्रावरून निघालेल्या खपल्या तळहातांत चोळून त्यांची गोळी करा आणि रंगांच्या पेटीत टाका. पुढच्या वेळी कागदावर अडलेले ठिपके उचलायला दुकानातल्या कुठल्याही रबरापेक्षा ती बरी पडते. माझी गोळी आता आवळ्याएवढी झाली आहे.